सामानाजवळ राहिलेल्यांचा वाटा

चांगले आणि वाईट यांतून निवड करण्याचे प्रसंग माणसाच्या आयुष्यात वरचेवर येतात. ते सोपे नसतात. तरी योग्य वाट कोणती, हे त्या वेळी बहुधा ठाऊक असते. खरी कसोटी लागते ती दोन चांगली कर्तव्ये एकमेकांसमोर उभी ठाकतात तेव्हा. अशा एका प्रसंगी सल्ला मागायला आलेल्या माणसांना मी घाईने उत्तर दिले आणि त्यात माझी चूक झाली. ती चूक नेमकी कोणती, हे उमगायला मला बराच काळ लागला. त्या चिंतनातून जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

काही वर्षांपूर्वी एका रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर आमच्या धर्मग्रामातील एक तरुण जोडपे मला भेटायला आले. तरुण अभियंता, जवळच्याच औद्योगिक वसाहतीतील एका लहानशा कारखान्यात नोकरीला. पत्नी शाळेत शिक्षिका. घरात तीन वर्षांची मुलगी आणि अंथरुणाला खिळलेली आई. प्रादेशिक सेनेत, म्हणजे टेरिटोरियल आर्मीत, अधिकारी म्हणून त्याची निवड झाली होती. तो आशीर्वाद मागायला आला होता. मला मनापासून आनंद झाला. देशाची सेवा ही ईश्वराचीच सेवा होय, असे काहीसे मी बोललो आणि त्याच्या मस्तकावर हात ठेवला. तेव्हा त्याची पत्नी हळू आवाजात म्हणाली, “फादर, ह्यांनी देशाला हो म्हटलं. पण ह्यांच्या पाठीमागे घर मी सांभाळायचं आहे. ते मला कुणी विचारलंच नाही.”

मी तिला त्यागाविषयी चार गोड शब्द सांगितले. वीराच्या पत्नीने अभिमान बाळगावा, असेही बोललो असेन. ती काही बोलली नाही. दोघे निघून गेले.

पुढे काही महिन्यांनी, तो प्रशिक्षणाला गेलेला असताना, त्याच्याच कारखान्यातील एक सहकारी चर्चच्या ओट्यावर भेटला. तोही आमच्याच धर्मग्रामातला. तो म्हणाला, “फादर, तो गेला की त्याची पाळी माझ्या गळ्यात पडते. माझी तक्रार नाही. पण त्याच्या छातीवर उद्या पदक लागेल. आणि मी माझ्या मुलीच्या पहिल्या परमप्रसादाच्या पालकसभांना एकदाही आलो नाही, एवढीच नोंद तुमच्या वहीत राहील.”

मी घरी येऊन ती वही उघडली. त्याच्या नावापुढे खरोखरच चार फुल्या होत्या.

नागरिकांची सेना

विषय नीट कळावा म्हणून या सेनेची थोडी माहिती देणे आवश्यक आहे. इंग्रजी अमदानीत १९२० च्या कायद्याने अशा स्वरूपाची दोन दले उभी राहिली होती. एक युरोपीय व अँग्लो-इंडियन लोकांसाठी आणि दुसरे भारतीयांसाठी. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली प्रादेशिक सेनेचा कायदा झाला आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या सेनेचे उद्घाटन झाले. ‘सावधानी व शूरता’ हे तिचे ब्रीद. १९६२, १९६५ आणि १९७१ या तिन्ही युद्धांत तिच्या तुकड्यांनी सेवा केली. रेल्वे आणि तेल उद्योगांतील कर्मचाऱ्यांच्या तिच्या स्वतंत्र तुकड्या आहेत. संकटकाळी आगगाड्या आणि इंधनाचा पुरवठा थांबू नये, हे त्यांचे काम. १९८२ साली तिची पहिली पर्यावरण तुकडी उभारली गेली, ती चुनखडीच्या खाणींनी उघडेबोडके केलेले मसुरी परिसरातील डोंगर पुन्हा हिरवे करण्यासाठी. आपल्या मराठवाड्यातही तिची अशी तुकडी झाडे लावण्याचे काम करते.

या सेनेचे खरे वैशिष्ट्य मात्र तिच्या प्रवेशाच्या अटीत आहे. अधिकारी होऊ इच्छिणाऱ्या नागरिकाला उपजीविकेचे अन्य साधन असावे लागते. ज्याचे पोट दुसऱ्या कामावर भरते, त्यालाच येथे दार उघडते. ही पूर्ण वेळची नोकरी नव्हे आणि निवृत्तिवेतनाची हमीही ती देत नाही. सेवेवर किंवा प्रशिक्षणावर असताना वेतन मिळते; ते संपले की माणूस आपल्या मूळ कामावर परत जातो. नव्या अधिकाऱ्याला पहिल्या वर्षी एक महिन्याचे प्राथमिक प्रशिक्षण, दर वर्षी दोन महिन्यांचे वार्षिक शिबिर आणि पहिल्या दोन वर्षांत आणखी तीन महिन्यांचे प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. शिवाय राष्ट्राला गरज पडेल तेव्हा बोलावणे येते ते वेगळेच. मे २०२५ मध्ये भारत आणि पाकिस्तान यांच्यात संघर्ष पेटला, त्या सुमारास या सेनेला पाचारण करण्याचा अधिकार केंद्र सरकारने लष्करप्रमुखांना दिला आणि बत्तीसपैकी चौदा पायदळ तुकड्या सेवेवर आणण्यास मान्यता दिली. तात्पर्य, एरव्ही कारखान्यात, बँकेत किंवा कचेरीत बसलेल्या माणसाच्या टेबलाच्या खणात एक हुकूम कायमचा न लिहिलेला असतो.

कायद्याने अशा माणसाची काळजी घेतली आहे. सेवेसाठी बोलावले गेलेल्या कर्मचाऱ्याला, सेवा संपल्यावर, पूर्वीपेक्षा कमी प्रतीच्या नसलेल्या अटींवर कामावर परत घेणे हे मालकाचे कर्तव्य ठरवले आहे. भविष्य निर्वाह निधीसारखे त्याचे हक्क अबाधित ठेवले आहेत. परत घेणे शक्य नाही असे मालकाचे म्हणणे असेल, तर त्याचा निर्णय करून सहा महिन्यांच्या वेतनाच्या मर्यादेपर्यंत भरपाई ठरवण्याची सोयही आहे. तरतूद न्याय्य आहे. पण जाणारा आणि त्याचा मालक या दोघांखेरीज या प्रसंगात आणखी माणसे असतात. घरी राहिलेली पत्नी आणि रिकाम्या जागेचे काम ओढणारा सहकारी यांचा उल्लेख कोणताही कायदा करू शकलेला नाही. कदाचित तो कायद्याचा प्रांतही नसेल. मग तो कोणाचा?

दोन धनी?

काही भाविक लगेच म्हणतील, की दोन धन्यांची चाकरी करता येत नाही, असे प्रभूनेच सांगितले आहे. पण त्या वचनाचा रोख देव आणि धन यांच्यावर आहे. दोन प्रामाणिक कामांवर नाही. संत पौल तंबू शिवून पोट भरत होता आणि त्याच हातांनी ख्रिस्तसभा उभारत होता. जुन्या करारात नहेम्याच्या पुस्तकात यरुशलेमच्या तटबंदीचे काम वर्णिले आहे. शत्रू टपलेला होता. म्हणून निम्मे लोक बांधकाम करीत आणि निम्मे भाले घेऊन पहारा देत. ओझी वाहणारे एका हाताने काम करीत आणि दुसऱ्या हातात शस्त्र धरीत. कित्येकांना आपापल्या घरासमोरचाच तट बांधायला मिळाला होता, हेही त्या पुस्तकात नोंदलेले आहे. नागरिक-सैनिकाचे याहून जुने आणि हुबेहूब चित्र मला ठाऊक नाही.

शस्त्र धारण करण्याविषयीही ख्रिस्तसभेची भूमिका स्पष्ट आहे. यार्देन नदीकाठी शिपाई योहानाकडे आले, तेव्हा त्याने त्यांना शिपाईगिरी सोडायला सांगितले नाही. कोणाला लुबाडू नका आणि आपल्या पगारात समाधान माना, एवढे बजावले. शताधिपती कुर्नेल्याचा बाप्तिस्मा झाला, त्याआधी त्याला तलवार टाकून देण्याची अट कोणी घातली नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात, सैन्यात राहून देशाची सेवा करणाऱ्यांना जनतेच्या सुरक्षिततेचे व स्वातंत्र्याचे सेवक मानले आहे. ते आपले काम योग्य रीतीने करीत असतील तर शांतता टिकवण्यास त्यांचा खरा हातभार लागतो, असे म्हटले आहे. त्याच परिच्छेदात, सदसद्विवेकबुद्धीला स्मरून जे शस्त्र हाती घेण्यास नकार देतात त्यांच्यासाठीही माणुसकीला धरून कायदे असावेत, अशी अपेक्षा केलेली आहे. आपल्याकडे ही सेवा स्वेच्छेची असल्याने तो पेच उद्भवत नाही. तेव्हा नोकरी आणि सेना ही दोन्ही एकाच माणसाने करणे यात स्वतःहून काही गैर नाही. प्रश्न वेगळाच आहे.

एकाच सद्गुणाची दोन रूपे

सेमिनरीत आम्हांला संत थॉमस अक्वायनस यांचे नीतिशास्त्र शिकवले जाई. त्यातील एक गोष्ट तेव्हा मला किरकोळ वाटली होती; आता ती फार मोलाची वाटते. आईवडिलांविषयीचे कर्तव्य आणि मायदेशाविषयीचे कर्तव्य यांना संत थॉमस दोन निराळे सद्गुण मानीत नाहीत. ती दोन्ही ते एकाच सद्गुणाखाली घालतात आणि आप्तस्वकीयांचाही त्यात समावेश करतात. ज्यांच्यामुळे आपण जन्मलो, वाढलो, माणसांत आलो, त्यांचे ऋण फेडण्याची वृत्ती, असा तो सद्गुण आहे. घर आणि देश ही एकाच ऋणाची दोन रूपे होत.

याचा व्यवहारातील अर्थ असा, की एक ऋण दाखवून दुसरे बुडवता येत नाही. मार्काच्या शुभवर्तमानातील कुर्बानचा प्रसंग आठवावा. आईवडिलांना ज्या पैशाचा आधार मिळायचा, तो देवाला अर्पण केला आहे असे जाहीर करून काही लोक मोकळे होत. देवाचे नाव इतके मोठे, की पुढे कोणी बोलू शकत नसे. प्रभूने या चलाखीचा कडक शब्दांत निषेध केला. आज देवाच्या जागी देशाचे नाव घालून तेच घडू शकते. घरातील कटकटींना, आजाऱ्याच्या शुश्रूषेला किंवा कचेरीतील कंटाळवाण्या कामाला विटलेला माणूस गणवेशाची वाट धरू शकतो आणि त्याला जाब विचारण्याचे धाडस कोणी करीत नाही. माझ्या ओळखीचा तरुण तसा नव्हता, हे सांगणे माझे कर्तव्य आहे. पण ज्या उतावीळपणे मी त्याच्या पत्नीचे बोलणे झाकून टाकले, त्यात मीच देशाचे नाव कुर्बानासारखे वापरले होते.

उलट दिशेनेही हे घडते, तेही नमूद केले पाहिजे. “आमचा संसार आहे, आम्हांला वेळ नाही,” असे म्हणून गावाच्या, समाजाच्या आणि राष्ट्राच्या प्रत्येक कामातून अंग काढून घेणारे कुटुंबवत्सल गृहस्थ आपल्या पुष्कळ परिचयाचे आहेत. त्यांनी कुटुंबालाच कुर्बान केलेले असते.

जुन्या नियमशास्त्राने हा तोल किती बारकाईने सांभाळला होता, हे पाहण्यासारखे आहे. अनुवादाच्या पुस्तकानुसार लढाईपूर्वी अंमलदारांनी सैन्यापुढे उभे राहून विचारायचे असे: नवे घर बांधून त्यात राहायला गेला नाही असा कोणी आहे काय? द्राक्षमळा लावून त्याचे फळ चाखले नाही असा कोणी आहे काय? वाग्दान होऊन लग्न व्हायचे राहिले आहे असा कोणी आहे काय? अशांनी घरी परत जावे. नुकत्याच लग्न झालेल्या पुरुषाला तर एक वर्ष कोणत्याही मोहिमेवर पाठवू नये, त्याने घरी राहून पत्नीला आनंद द्यावा, अशी आज्ञा होती. युद्धाच्या तोंडावर उभ्या असलेल्या राष्ट्रानेही घराचा दावा ऐकून घेतला पाहिजे, असे ते शास्त्र मानीत होते. आणि हा प्रश्न विचारण्याची जबाबदारी त्याने जाणाऱ्यावर टाकली नव्हती. नेणाऱ्यावर टाकली होती.

कोणाचे खळे?

यावर एक सबळ आक्षेप येईल. प्रत्येकाच्या घरी आजारी आई आणि लहान मूल असतेच. कोणालाही त्रास न होता जमेल तेव्हाच सेवा करायची ठरवली, तर सेवा कोणी करणारच नाही. त्यागाला किंमत पडतेच.

आक्षेप खरा आहे. दावीद राजाला देशावरील मरी टळावी म्हणून वेदी बांधायची होती आणि जागा होती अरवना यबूसी याचे खळे. अरवनाने खळे, बैल, लाकूड सारे फुकट देऊ केले. दावीदाने ते घेतले नाही. ज्याची आपल्याला काही किंमत पडली नाही, ते देवाला अर्पण करणे त्याला प्रशस्त वाटेना. त्याने पन्नास शेकेल रुपे मोजून खळे विकत घेतले आणि मगच होम केला. त्यागाला किंमत असावी, हे या कथेचे एक तात्पर्य. पण दुसरेही आहे. ती किंमत अर्पण करणाऱ्याच्या थैलीतून जावी. दुसऱ्याचे खळे आपण परस्पर अर्पण करावे आणि पुण्य आपल्या नावे लिहावे, हे न्यायाला धरून नाही.

प्रशिक्षणाला जाणाऱ्या तरुणाचे दोन महिने त्याचे स्वतःचे असतात, हे उघड आहे. त्याचे श्रम, त्याचा जीव, हेही त्याचे. परंतु पत्नीच्या रात्री त्याच्या नसतात. सहकाऱ्याचे रविवार त्याचे नसतात. लहान कारखान्याच्या मालकाचे हुकलेले कामही त्याचे नसते. त्या कारखान्यात दहाबारा माणसे आहेत. मालक मला एकदा म्हणाला, “फादर, कायदा मला मान्य आहे, त्याची जागा मी ठेवीन. पण दोन महिने त्याचं काम करायला माणूस कुठून आणू?” हा मनुष्य देशद्रोही नाही. हजार कामगारांच्या कारखान्याला जे ओझे जाणवणारही नाही, त्याने दहा माणसांचा कारखाना वाकतो. पोप संत दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली मानवी श्रमाविषयीच्या आपल्या परिपत्रात ‘अप्रत्यक्ष मालक’ अशी एक कल्पना मांडली होती. कामगाराला पगार देणारा तो प्रत्यक्ष मालक. पण ज्यांच्या धोरणांनी कामाच्या अटी घडतात ते सारे, आणि त्यांत सर्वांत आधी शासनसंस्था, हे अप्रत्यक्ष मालक होत, आणि न्यायाची जबाबदारी त्यांच्यावरही आहे. सर्वांच्या रक्षणासाठी जे ओझे उचलले जाते, ते सर्वांमध्ये वाटले जावे, हे वितरणात्मक न्यायाचे साधे तत्त्व आहे. ज्याच्या दारात ते ओझे योगायोगाने येऊन पडले, त्यानेच ते एकट्याने वाहावे, असे नव्हे.

बसोर ओढ्याकाठचा नियम

येथे मला शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या तिसाव्या अध्यायातील एक प्रसंग आठवतो. सेमिनरीतून बाहेर पडल्यापासून मी त्यावर एकदाही प्रवचन केले नव्हते. दावीद आणि त्याचे सहाशे लोक बाहेर असताना अमालेकी टोळीने त्यांचे सिकलाग गाव जाळले आणि त्यांच्या बायकामुलांना धरून नेले. पाठलाग सुरू झाला. बसोर ओढ्यापाशी दोनशे माणसे इतकी थकली, की त्यांना ओढा ओलांडवेना. ती सामानाजवळ थांबली. चारशे पुढे गेले. देवाने यश दिले, सर्व माणसे आणि सारी मालमत्ता परत मिळाली. परतल्यावर चारशेंतील काही हलकट माणसे म्हणू लागली, की जे लढायला आले नाहीत त्यांना त्यांची बायकामुले तेवढी द्यावीत आणि वाटेला लावावे. लुटीत त्यांचा वाटा नाही. दावीदाने ते मानले नाही. हे यश देवाने दिलेले आहे, असे त्याने सांगितले आणि लढाईत उतरलेल्याला जेवढा वाटा, तेवढाच सामानाजवळ राहिलेल्यालाही, असे ठरवले. त्या दिवसापासून इस्राएलात तो कायमचा नियम झाला.

या नियमातील मर्म पाहावे. मागे राहिलेल्यांवर दया म्हणून दावीदाने त्यांना काही दिले नाही. सामान राखणारा कोणी नसता तर चारशे लोक मोकळ्या अंगाने पुढे जाऊच शकले नसते. जाणे आणि थांबणे ही एकाच मोहिमेची दोन अंगे होती. म्हणून वाटा सारखा. आणि यश देवाचे असल्यामुळे त्याची वाटणी आपल्या मर्जीने करण्याचा अधिकार लढणाऱ्यांना नव्हता.

नागरिक-सैनिकाच्या बाबतीत हा नियम लावला, तर बऱ्याच गोष्टी स्पष्ट होतात. जाणाऱ्याने अर्ज भरण्यापूर्वी घरी विचारले पाहिजे. निवड झाल्यावर कळवणे म्हणजे विचारणे नव्हे. मालकाला आपल्या बांधिलकीची खरी कल्पना सुरुवातीलाच दिली पाहिजे. कचेरीचे कारण सांगून शिबिर टाळू नये आणि शिबिराचे कारण सांगून कचेरी टाळू नये. परत आल्यावर, ज्याने आपली पाळी ओढली त्याची पाळी आपण ओढावी. तेथे गणवेशाचा तोरा आड येऊ देऊ नये. मालकाने जागा राखून ठेवावीच. पण वाढीव काम करणाऱ्याला वाढीव मोबदला द्यावा. देशभक्तीच्या नावाखाली त्याच्याकडून फुकट वेठ घेऊ नये. घरच्या माणसांनीही, आपल्याला विचारले गेले म्हणजे नकाराचा हक्क मिळाला, एवढाच अर्थ त्यातून काढू नये. देशाचे ऋण त्यांच्याही माथी आहे.

आणि आपण, धर्मग्राम म्हणून? येथे माझी मान खाली जाते. प्रजासत्ताक दिनी ध्वजवंदनानंतर आम्ही त्या तरुणाला शाल आणि श्रीफळ दिले. टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांची आम्हांला काहीच किंमत पडली नव्हती.

पहिल्या शुक्रवारची गोष्ट

तो दुसऱ्यांदा शिबिराला गेला असताना, पहिल्या शुक्रवारी, त्याच्या आईसाठी परमप्रसाद घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. सकाळचे सहा वाजले होते. पत्नीने सासूची कूस बदलून तिला स्वच्छ केले होते, मुलीचा डबा भरला होता आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावरच शाळेच्या परीक्षेचे पेपर तपासायला घेतले होते. प्रार्थना झाल्यावर मी सहज त्याची खुशाली विचारली. ती म्हणाली, “काल फोन आला होता, फादर. आज दहा किलोमीटर धावलो म्हणाले. मी म्हटलं, मीही धावतेच आहे. इथं मोजायला कुणी नाही, एवढंच.”

ती हसत म्हणाली. पण पहिल्या भेटीत मी दिलेल्या उत्तराचा फोलपणा मला त्या क्षणी कळला. तिने त्यागाला नकार दिलाच नव्हता. आपला त्याग आपला म्हणून ओळखला जावा, एवढेच तिचे मागणे होते. आणि मी तिला पतीच्या त्यागाविषयी अभिमान बाळगण्याचा उपदेश करून परत पाठवले होते.

तो परतल्यावर मी त्या दोघांना आणि त्या सहकाऱ्याला एकत्र बोलावले. मी विशेष काही बोललो नाही. बसोर ओढ्याची गोष्ट तेवढी वाचली. तरुण बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने पत्नीला, आमच्या देखत, जे दोन वर्षांपूर्वी विचारायला हवे होते ते विचारले. ती म्हणाली, “तेव्हा विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं. पण ते हो माझं असतं.” पुढच्या महिन्यांतील सहकाऱ्याच्या रविवारच्या पाळ्या त्याने स्वतःकडे घेतल्या. वाडीतील चार कुटुंबांनी, तो शिबिरात असताना, आजीला इस्पितळात नेण्या-आणण्याचे आणि मुलीला धर्मशिक्षणाच्या वर्गाला पोहोचवण्याचे वार वाटून घेतले. मी माझ्या वहीतील त्या चार फुल्यांपुढे कारण लिहिले.

याने सारे प्रश्न सुटले, असे मी म्हणणार नाही. शिबिराचा काळ वाटून घेता येतो. मृत्यू वाटून घेता येत नाही. मे २०२५ मध्ये तुकड्या बोलावल्या जाणार ही बातमी आली, त्या रात्री आपल्या माणसाची तुकडी चौदांत आहे की नाही, हे त्या घराला ठाऊक नव्हते. दुसऱ्याच दिवशी, १० मे रोजी, शस्त्रसंधी झाली आणि त्याला जावे लागले नाही. पण ती एक रात्र त्या बाईने जशी काढली, तशी तिच्या वतीने कोणी काढू शकले नसते. तिचे दुःख आम्ही सारखे वाटून घेतले असते, असे म्हणणे खोटेपणाचे होईल. बसोरचा नियम प्रत्येक जखमेवर पुरा पडत नाही. मात्र तो पाळणाऱ्या समाजात जखमी माणूस एकटा पडत नाही, एवढे मी अनुभवाने सांगू शकतो. कारण त्याच रात्री अकराच्या सुमारास माझा फोन वाजला. तो सहकारी होता. त्याने इतकेच सांगितले, “फादर, त्याला जावं लागलं तर काळजी करू नको म्हणावं. त्याची पाळी मी घेतो. या वेळी मला कुणी सांगायला नको.”

वाचकहो, आपल्यापैकी थोड्यांच्याच घरांतून कोणी प्रादेशिक सेनेत जाईल. पण कोणी परदेशी नोकरीला, कोणी बोटीवर, कोणी संन्यस्त जीवनाला, कोणी समाजाच्या कामाला जातच असते. आणि प्रत्येक जाणाऱ्यामागे सामान राखत कोणीतरी थांबलेले असते. जाणाऱ्याचा सत्कार जरूर करावा. पण घरी परतताना, सामानाजवळ कोण थांबले आहे, हे पाहून त्याच्या दाराशी क्षणभर उभे राहावे आणि आज आपल्या हातून काय होण्यासारखे आहे, हे विचारावे.